आनंदाबाईच्या तेलावर आलेला आळ

आनंदाबाईला हसताना पाहिलेला माणूस आमच्या बोरगाव मेघ्यात सापडला, तर त्याला मी चहा पाजीन. तीस वर्षांपासून ती बाळांना मालिश करते आणि तीस वर्षांपासून चिडलेलीच आहे. पाणी जास्त कढत झालं की चिडते, पाळण्यापाशी पंखा दिसला की चिडते. एका हेडमास्तरानं हात न धुता पोरगं उचललं, तर त्यालाही तिनं मोरीचा रस्ता दाखवला होता. पोरगं त्याचंच होतं, घरही त्याचंच. पण तिच्या हाताखालचं लेकरू रडत नाही, हेही खरं.

मागच्या मार्गशीर्षात आमच्या पोराला, रोशनला, मुलगी झाली. थंडी अशी की माझ्याच नडग्यांवर पांढऱ्या रेघा उठत. नातीचं अंग तर खरखरीत, पोटऱ्यांवर कोंडा. आनंदाबाईनं पहिल्याच दिवशी बजावलं, तिळाचं तेल कोमट करून चोळायचं, पाणी बेताचं गरम, आणि अंग ओलसर आहे तोवर पुन्हा तेलाचा हात. थंडीभर बेसन नाही, साबण नाही. सूनबाई अंकितानं मान डोलावली. माझी बायको नलू हिनं मात्र बेसनाचा डबा हाताशीच ठेवला. नात सावळी होती ना.

दुपारी अंकिताचा डोळा लागला, की नलू बेसन-हळद कालवून पोरीला घासायची. मी खाटेवरून पाहायचो. एकदा म्हणालो, अगं, बाईनं नको म्हटलंय. तर म्हणाली, उद्या पोरगी पाहायला येतील तेव्हा बाई येणार आहे का पुढं बसायला? मी पेपर उघडला.

आठ दिवसांत पोरीच्या मानेच्या घडीत कातडी लाल होऊन तडकली. त्यातच संक्रांतीचं हळदीकुंकू आलं, आणि नलूनं भरल्या बायकांत सांगून टाकलं की आनंदाबाईचं तेल भेसळीचं आहे. दोन घरांनी तिचं येणं बंद केलं.

तिसऱ्या दिवशी ती तेलाची बाटली न घेताच आली. व्हरांड्यात बसून पोरीला मांडीवर घेतलं, मानेची घडी हलकेच उघडली. आत पिवळं बसलं होतं. कानामागंही.

"माह्या तेलात हळद नाई राहत, नलूबाई," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, त्याचीच भीती वाटली. "पोरीची कातडी सोलून राह्यल्या तुमी, अन् नाव माह्यं घेता?"

नलू पुटपुटली, एखाद वेळी लावलं असेल. तेव्हा बाई माझ्याकडे वळली.

"बबनराव, साऱ्या गावाच्या गोष्टी सांगता तुमी. हे काऊन नाई सांगितलं?"

अंकिता दारात उभी होती. तिनं आधी सासूकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्याकडे जास्त वेळ.

टोपी घातली आणि बाईला घेऊन त्या दोन घरांकडे निघालो. दोन्ही घरी आनंदाबाई पदर खोचून फाटकाशी उभी राहिली. आत जाऊन मी सांगितलं, तेल चांगलं होतं, घासलं आम्ही, मी पाहत होतो. पहिल्या घरच्यांनी तिला तिथूनच आत बोलावून दुसऱ्या दिवशीची वेळ दिली. दुसऱ्या घरी नवी बाई लागली होती.

परतताना मी म्हणालो, चला, एक घर तरी परत मिळालं.

"दोन होते," ती म्हणाली आणि माझ्या पुढं झपाझप चालू लागली. पोरीची आंघोळ राहिली होती.