शेवया, पापड आणि नखांखालून धागे निघणारा माणूस

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. मी देऊळघाटात नवी सून होते. शाळा माझी दुसरीतच सुटली, पुढचं वाचन मी किराण्याच्या पुड्यांच्या कागदांवर शिकले. सासूबाईंना, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो, माझं वाचणं अजिबात खपत नसे. "वाचून का भाकर फुगते?" म्हणायच्या. म्हणून मालकांनी बुलढाण्याच्या बाजारातून आणलेली कादंबरी मी कामातून वेळ चोरून वाचायची. कव्हर फाटलेलं, नाव गायब. आत एक माणूस. त्याच्या नखांखालून पांढरे धागे निघतात. ओढले की येतातच, आणि हात आतून रिकामा होत जातो. इतकं घाण, इतकं घाण, की सोडवत नव्हतं!

उन्हाळ्यात शेवयांचा दिवस आला. शेजारच्या खाला मदतीला आल्या. माझ्या बोटाला नेमकं नखुर्डं झालेलं, म्हणून कणकेला हात लावायची मनाई. खाला म्हणाल्या, "बसून काय करते बेटी? वाच ना काही, आमचे हातबी चालतीन."

आत्याबाई कणीक मळतच राहिल्या. मी तीच परवानगी समजले आणि मोठ्यानं वाचायला लागले.

झालं! इकडे ह्या दोघी शेवया ओढतायत, लांब, बारीक, पांढऱ्या. तिकडे पुस्तकात तोही ओढतोय. आधी खालांचा हात थांबला. त्यांनी स्वतःच्या बोटांतून लोंबणारी शेवई बघितली, मग माझं चिंधी बांधलेलं बोट.

"तौबा! हिच्याबी बोटातून निघते काय आता?" आणि हात धुवायला पळाल्या.

आत्याबाईंनी पुस्तक हिसकलं आणि ज्वारीच्या कणगीत टाकलं. "आता वाच ज्वारी!"

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्याच शेवया शिजल्या. खालांनी वाटीतलं दूध तेवढं पिऊन घेतलं. "खा ना, गव्हाच्याच हायेत!" आत्याबाई चिडल्या. पण मी बघत होते, त्यांच्या स्वतःच्या ताटात रसाबरोबर पोळीच होती.

माझी निम्मी कादंबरी राहिली होती हो. गेलं पुस्तक, असंच धरून चालले.

आठवड्याने आम्ही दोघी उडदाचे पापड लाटत बसलो होतो. आत्याबाई मान वर न करता म्हणाल्या, "काऊन वं, त्या माणसाचा दुसरा हात वाचला का?"

"मले काय माहीत? तो कणगीत हाय."

त्या उठल्या, कणगीत खांद्यापर्यंत हात घातला आणि पुस्तक झटकत आल्या. "वाच."

आता आली पंचाईत. पुढचं प्रकरण मी आधीच चाळलं होतं. "आत्याबाई, आज नको. पुढं त्याची कातडी सुटते. पातळ. गोल गोल."

लाटणं थांबलं. त्यांनी हातातला पापड उन्हात धरला. आरपार उजेड दिसत होता. मी पुस्तक पदराखाली ओढून घेतलं.

"वाच वं," त्या म्हणाल्या आणि पापड वाळत टाकला. "तळल्यावर कोण वळखते!"