आम्ही तिघी आणि कात्री

कात्रीला कात्री हे नाव कापडामुळे पडलं की जिभेमुळे, यावर दुकानात एकमत नव्हतं. बायकांचे कपडे शिवणाऱ्या त्या दुकानात ती कटिंग करायची आणि गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायची, "बाई, कापड चांगलं आहे, पण तुमच्यासाठी नाही." गिऱ्हाईक फणकारून जायचं आणि बहुतेक वेळा परत यायचं, कारण तिने कापलेला कपडा अंगाशी भांडत नसे. भांडायचं खातं तिने स्वतःकडे ठेवलं होतं.

दुकान पाटीवर एकीचं होतं आणि बोलण्यात चौघींचं. पाटीवर शेठाणी. काउंटरवर रेडिओ, जिला बंद करायचं बटणच नव्हतं. काज-बटणं आणि हातशिलाई गोगलगायीकडे. चौघी एकाच क्लासात शिवण शिकल्या, एकमेकींच्या लग्नांत नाचल्या, एकमेकींच्या सासवांना नावं ठेवली. 'माझं दुकान' असं शेठाणीसुद्धा कधी म्हणाली नाही. "आपलं गिऱ्हाईक", "आपण उद्या उशिरा उघडू". दुकान मोठ्या जागेत न्यायचं ठरलं तेव्हा ती कात्रीला म्हणाली होती, "आपण तुझं टेबल खिडकीशी टाकू. चांगलं लांबलचक." कात्रीने जन्मभर ट्यूबलाइटखाली काळ्या कापडावरच्या खुणा शोधल्या होत्या. तोंडाने ती नुसतं "बघू" म्हणाली. मनात मात्र तिने टेबल टाकलं आणि त्यावर थानही उलगडून ठेवलं.

जागा बदलण्याआधी चौघींनी तीन रात्री परदेशातलं एक शहर बघून यायचं, असं शेठाणीने जाहीर केलं. कात्रीला संशय आला नाही, राग आला. परदेश म्हणजे दुसऱ्याचं घर, तिथे चपला कुठे काढायच्या हेही विचारावं लागतं, असं तिचं मत होतं. तरीही आली. आणि मोठ्या बॅगेत, टॉवेलात गुंडाळून, आपली कापडाची कात्री घेऊन आली.

"अगं, तिथे कोणाचं काय कापणार आहेस?" रेडिओने विचारलं.

"दुकानात ठेवली तर तू कागद कापशील."

हा आरोप खरा होता. रेडिओने एकदा त्या कात्रीने कॅलेंडर कापलं होतं आणि कात्रीने पुढचे कित्येक दिवस तिच्याशी फक्त मापांपुरतं बोलणं ठेवलं होतं.

हॉटेलात दोन खोल्या मिळाल्या. कात्रीच्या वाट्याला गोगलगाय आणि न उघडणारी खिडकी आली, समोर शेजारच्या इमारतीचे पाइप. कात्रीने पडद्याची दुमड उलटून पाहिली. "घाईत मारलीय," ती म्हणाली. शहराबद्दलचं तिचं मत तिथेच पक्कं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला शेठाणी पावाला लोणी लावत होती. लावता लावता सहज म्हणाली, "नव्या जागेत आम्ही ट्रायल रूम मागे घेतोय. आरसा बाहेर."

कात्रीने कप खाली ठेवला.

मराठी माणसाला हे शिकवावं लागत नाही. 'आपण' म्हणजे तुला धरून, 'आम्ही' म्हणजे तुला सोडून. दोन्हींच्या मध्ये एक दार आहे आणि त्याची कडी कुठल्या बाजूने लागते, हे दुधाचे दात न पडलेलं पोरही ओळखतं.

"आम्ही कोण?" कात्रीने विचारलं.

"अगं, आम्ही म्हणजे... दुकान."

"दुकान बोलायला लागलं?"

"इथलं लोणी बाकी छान आहे हं!" रेडिओ मध्ये पडली. लोण्याला तिने हात लावला नव्हता.

मग दिवसभर शहर बाजूला राहिलं आणि कात्री सर्वनामं ऐकत राहिली. कापडात खोट आहे का हे बघायला थान उजेडासमोर धरून हातभर-हातभर ओढतात, तसं तिने एकेकीचं बोलणं ओढून पाहिलं. संग्रहालयाच्या रांगेत रेडिओ म्हणाली, "नव्या जागेत आम्हाला गाडी लावायला जागा आहे." खोट क्रमांक दोन. उरली गोगलगाय. तिला कात्रीने एका पुतळ्यामागे गाठलं.

"माझ्या टेबलाचं काय ठरलं गं?"

"ठरलं म्हणजे... बघितलं जाईल, असं बोलणं झालं होतं."

"कोणाचं कोणाशी?"

"झालं होतं," गोगलगाय म्हणाली आणि पुतळ्याची माहिती वाचू लागली. ती भाषा तिला येत नव्हती. गुन्हा लपवायचा तर वाक्यातला कर्ता आधी पळवावा, हे मात्र तिला बरोबर कळत होतं.

दुपारी चौघी शहर फिरवणाऱ्या उघड्या बसच्या वरच्या मजल्यावर बसल्या. प्रत्येक सीटला माहिती ऐकायचे हेडफोन होते. "कोणाकोणाच्या कानातले असतील," म्हणून कात्रीने ते घातले नाहीत. रेडिओने घातले. कानात शहराचा इतिहास गडगडत होता, तेवढ्यात तिला काहीतरी आठवलं. ती पुढच्या सीटवरच्या शेठाणीकडे झुकली आणि, आपण कुजबुजतोय अशा समजुतीने, सगळ्या बसला ऐकू जाईल असं ओरडली, "सांगितलंस का तिला? का परत गेल्यावर सांगायचं?"

बसमधल्या माना वळल्या. कोणाला अक्षर कळलं नाही. ज्या तिघींना कळायचं, त्यांना कळलं.

"काय सांगायचंय?" कात्री म्हणाली.

"नंतर बोलू," शेठाणी एका मनोऱ्याकडे बघत म्हणाली.

"आत्ता बोल. इथे आपली भाषा कोणाला कळत नाही. म्हणून तर एवढ्या लांब आणलंयस."

शेठाणीने पर्स मांडीवर ओढली. "कटिंग आता बाहेरून येणार. मशीनवर. थप्पीच्या थप्पी एकदम कापली जाते. तुझ्या टेबलाच्या जागी रॅक येतंय."

"खिडकीशी?"

"खिडकीशी."

"रॅकला बारीक दिसत नसेल."

"तुला जरा आराम मिळावा म्हणून..."

"मी मागितला होता?"

"गिऱ्हाईक पळतं गं तुझ्यामुळे!" शेठाणीचाही आवाज चढला. "त्या डॉक्टरीणबाईंना काय म्हणालीस? बाह्यांनी दंड झाकता येतात, मूर्खपणा नाही!"

"खोटं होतं?"

"खरं होतं म्हणूनच परत आल्या नाहीत त्या!"

गोगलगाय डोळे पुसत म्हणाली, "चांगला निरोप दिला जावा, असं वाटलं गेलं..."

"वाटलं गेलं! कोणाला? तू होतीस त्यात?"

गोगलगायीने सहलीतलं कर्ता असलेलं पहिलं वाक्य उच्चारलं. "होते मी."

रेडिओने हेडफोन काढले आणि विचारलं, "काय झालं?" तिला कोणी उत्तर दिलं नाही, हीच तिची शिक्षा.

बस थांबली. शेठाणी तडक जिन्याकडे निघाली.

"तुमची पर्स राहिली, बाई," मागून कात्री म्हणाली.

शेठाणी वळली. चेहरा उतरला होता. "मला 'तुम्ही' म्हणू नकोस."

"गिऱ्हाइकांना आम्ही 'तुम्ही'च म्हणतो."

"हवं तर शिव्या दे!"

"शिव्या आपल्या माणसांना देतात," कात्री म्हणाली आणि पर्स तिच्या हातात ठेवली.

उरलेली सहल अहो-जाहोमध्ये पार पडली. "मीठ देता का?" "तुम्ही आधी आंघोळ करून घ्या." गोगलगाय त्या न उघडणाऱ्या खिडकीकडे तोंड करून झोपायची. शेवटच्या दिवशी एका पुलावर शेठाणीने फोन वर धरला आणि जिवाच्या कराराने म्हणाली, "ये ना गं. आपण चौघी."

'आपण' आलं, पण फार उशिरा आलं. कात्रीने फोन काढून घेतला. "मी काढते तुमचा. राहा उभ्या."

फोटोत तिघींचे कोट, बटणं, खिसे झकास आले आहेत. डोकी नाहीत. रेडिओ म्हणते, मुद्दाम केलं मेलीने. गोगलगाय म्हणते, ती पहिल्यापासून माणसं गळ्याखालीच बघते.

परतल्यावर विमानतळावर सामानाच्या पट्ट्यापाशी शेठाणी जवळ आली. "सोमवारी येऊन तुझ्या वस्तू घेऊन जा. सावकाश ये. चहा घेऊ."

कात्रीने पट्ट्यावरून आपली बॅग उचलली, बाजूने चाचपली. टॉवेलातलं लोखंड हाताला लागलं.

"टेप आणि खडू तुमचेच आहेत," ती म्हणाली. "माझं तिथे काही राहिलेलं नाही."

कात्री आता घरी कापते, दारापाशी, जिथे उजेड येतो तिथे जमिनीवर बसून. गिऱ्हाइकं थोडी आहेत आणि ती त्यांच्याशी पूर्वीइतकंच वाईट बोलते. नव्या दुकानात खिडकीशी रॅक लागलं. उन्हाने कापडाचा रंग उडायला लागला, म्हणून खिडकीला जाड पडदा लावलाय आणि आत दिवसभर ट्यूबलाइट जळते.

मध्ये एकदा रेडिओ तिला रस्त्यात भेटली. हवापाण्याचं झालं, गुडघ्यांचं झालं. निघताना रेडिओने तिचा हात धरला. "एकदा भेटू या गं आपण."

"भेटा की तुम्ही," कात्री म्हणाली.