गोलीला दोन्ही बाजूंनी टाळ्या

मोठेबाबांना कुठलीही वस्तू हातात दिलेली चालत नसे. किल्ली असो, लिंबू असो, औषधाची डबी असो, खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसून ते म्हणत, "देऊ नको, फेक." मग दोन्ही हातांनी झेलून ती वस्तू छातीशी धरत आणि क्षणभर तशीच ठेवत. इनहेलरसुद्धा मी फेकूनच देत असे.

ते माझ्या बाबांचे थोरले भाऊ. तलमडुगुकडचं गाव सोडून विशीतच बेल्लमपल्लीला कोळशाच्या खाणीत लागले. खाणीच्या फुटबॉल संघाचे ते गोलकीपर होते. ते 'गोली' म्हणत. मोठी आई गेल्यावर आमच्याकडे आदिलाबादला राहायला आले, तेव्हा एक जिना चढायला त्यांना तीनदा थांबावं लागे. मी घरात फारशी बोलत नसे. शाळा इंग्रजी, मैत्रिणी तेलुगू, मराठी जेवणाच्या ताटापुरती. मोठेबाबा चिडवत, "बोललं तं दात पडते का वो माय तुहे?"

त्यांच्या बोलण्यात खाणीपेक्षा मैदान जास्त असे. "खाली अंधारात समदे सारखेच. वर मैदानात आलो का मंग मानूस वळखू ये." तिथला एक रिवाज ते पुन्हा पुन्हा सांगत. गोलीनं अवघड बॉल अडवला, की दोन्ही संघांची माणसं टाळ्या वाजवत. "गोल झाला तं समदे त्याच्याच नावानं वरडते. मंग टाळी बी दोनी बाजूनं नोको?"

दादा जर्मनीत नोकरीला आहे. त्याने आम्हाला बोलावलं आणि खास मोठेबाबांसाठी एका सामन्याची चार तिकिटं काढली. जागा एकत्र मिळाल्या नाहीत. दादा आणि बाबा पलीकडे बसले. मोठेबाबा आणि मी गोलच्या मागे, यजमान संघाच्या कट्टर लोकांत.

सामन्याआधी ते सगळे उभे राहून संथ चालीत गाऊ लागले. "हे काऊन असं रडल्यावानी गाऊन राह्यले?" मोठेबाबांनी विचारलं. मी मोबाइलवर शोधून सांगितलं, की या गावात कोळशाच्या खाणी होत्या, आता बंद झाल्यात, आणि हे खाणकामगारांचं गाणं आहे. त्यांनी डोक्यावरची लोकरी टोपी काढली आणि गाणं संपेपर्यंत ती हातात धरून उभे राहिले. बसताना एवढंच म्हणाले, "मंग हे तं आपलेच लोक हाय."

उत्तरार्धात पाहुण्यांचा गोलकीपर आमच्या बाजूला आला. यजमानांचा एक फटका वरच्या कोपऱ्यात चालला होता. त्यानं झेप घेतली आणि बोटांच्या टोकांनी तो बाहेर काढला. आमच्या भोवतीच्या सगळ्यांनी डोक्याला हात लावला. आणि मोठेबाबा उठून टाळ्या वाजवू लागले. एकटेच. "शाब्बास गोली! शाब्बास!"

चार-पाच रांगा वळून बघू लागल्या. पुढच्या जागेवरच्या पांढऱ्या मिशांच्या म्हाताऱ्यानं मला इंग्रजीत विचारलं, "हे त्यांच्या बाजूचे आहेत का?" माझे कान तापले. मोठेबाबा माझी बाही ओढत होते. धाप लागली होती, पण चेहरा उजळला होता. "त्याले सांग माय, मी बी कोळशातलाच. गोली होतो. आमच्याकडं टाळी दोनी बाजूनं पडते. सांग त्याले."

मला फक्त ते सगळे डोळे आमच्यावरून निघायला हवे होते. मी इंग्रजीत म्हणाले, "माफ करा. म्हातारे आहेत. त्यांना यातलं काही कळत नाही."

म्हातारा हसला. त्यानं मोठेबाबांच्या खांद्यावर हात ठेवला. मोठेबाबांनी तो आपल्या दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ हलवत राहिले.

"सांगतलं ना?"

"हो," मी म्हणाले.

परत आल्यावर त्यांनी ही गोष्ट भेटेल त्याला सांगितली. दूधवाल्याला, डॉक्टरांना, फोनवरून बेल्लमपल्लीला. "माह्या पोरीनं फाडफाड इंग्रजीत सांगतलं. त्यानं हात सोडला नाही माहा." मी शेजारच्या खोलीत ऐकत असे. खरं सांगायचं असं रोज ठरवत होते. मग त्यांना ऑक्सिजन लागला, आणि त्या नळ्या लावलेल्या चेहऱ्याला मी ते सांगू शकले नाही.

ते गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी बेल्लमपल्लीहून बस बदलत त्यांच्या संघातले तिघे जण आले. तिघेही बोलताना मध्येच श्वासासाठी थांबत होते. मी पाणी घेऊन गेले, तेव्हा त्यांतले मल्लय्या नावाचे काका, मोठेबाबांच्या पुढे बॅकला खेळणारे, हिंदीत म्हणाले, "अम्मा, वो गोरे को तुमीच बोले ना? हमारे बारे में?"

मी होकारार्थी मान हलवली.

"फिर वो क्या बोला?" तिघेही पेले हातात धरून माझ्याकडे बघत होते. "भाई को तो अंग्रेजी नहीं समझती थी. बोलते थे, लड़की को पूछो."

"बोला..." मी म्हणाले, "बोला, वो भी खदान में था."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मल्लय्या काकांनी डोळे पुसले. "गोली था क्या?"

"वो मैंने पूछा नहीं," मी म्हणाले.