बेडूक नसलेली विहीर

"मॅडम, एकदा यांच्यासमोर पिऊन दाखवा, म्हणजे मिटलं," माधवनाना म्हणाले आणि विहिरीतून शेंदलेल्या पाण्याचा स्टीलचा पेला त्यांनी माझ्या हातात दिला.

एप्रिलची भर दुपार. दिंडोरीच्या पुढं नानांची द्राक्षबाग आहे. तिथं खरड छाटणी चालली होती, म्हणजे द्राक्षं उतरल्यावर वेल पार खरडून मोकळे करायचे. त्या कामाला दरवर्षी पेठ तालुक्यातून मजुरांची टोळी येते. या वर्षी टोळी विहिरीचं पाणी प्यायला तयार नव्हती. ओहोळात खड्डा करायचा आणि त्यात जे गढूळ पाणी झिरपेल ते हंड्यात भरून आणायचं, असं त्यांचं चाललं होतं. जाण्यायेण्यात कामाचा वेळ जायचा. 'उद्यापासून विहिरीचं पाणी प्या, नाहीतर गावाकडं परत जा,' असं नानांनी त्यांना बजावलं होतं.

मी तेव्हा पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत केमिस्ट होते. नानांनी आमच्या साहेबांना फोन केला आणि साहेबांनी मला पिटाळलं. "पाणी उत्तम आहे, तुमचीच सही आहे. अंधश्रद्धा आहे सगळी. जरा समजावून या," म्हणाले.

सही माझी होती, हे खरं. विहिरीच्या कट्ट्यावरच्या खांबाला हिरवं कार्ड टांगलेलं होतं. हिरवं कार्ड म्हणजे पाणी पिण्यास योग्य. लाल असतं तर अयोग्य. पावसाळ्यानंतर या विहिरीचं सॅम्पल बाटलीतून माझ्या टेबलावर आलं होतं. आमच्याकडे जंतू बघायची एक छोटी बाटली असते. तीत पाणी घालून ठेवायचं. जंतू असले की पाणी काळं पडतं. या विहिरीची बाटली दोन दिवस ठेवूनही जशीच्या तशी राहिली. इतकं निर्मळ पाणी बघून मी खूश झाले आणि सही ठोकली. विहीर काही मी पाहिली नव्हती.

ती आज पहिल्यांदा पाहत होते.

पेला तसाच हातात धरून मी कट्ट्यावरून खाली वाकले. पाणी बरंच खाली गेलं होतं, तरी तळाचा दगड न् दगड दिसत होता. माझी सावली पार तळाशी जाऊन पडली होती. मला बरं वाटायला हवं होतं, पण अंगावर काटा आला. का, ते पटकन कळेना. मग लक्षात आलं की आवाजच नाही. उन्हाळ्यात विहिरीत पारवे घुमतात, कपारीत घरटी असतात, पाण्यावर निवळ्या पळतात, ओल्या दगडावर गांधीलमाशा टेकतात. इथं काही नव्हतं. शेवाळाचा एक धागासुद्धा नव्हता. मेलेलं एखादं पाखरू तरंगताना दिसलं असतं, तरी मला धीर आला असता.

मी खडा टाकला. डुबुक आवाज झाला, वर आला, आणि पुन्हा सगळं गप्प.

टोळी जरा लांब, अजून न छाटलेल्या वेलींच्या सावलीत उभी होती. त्यातली एक म्हातारी पुढं आली. तिचं नाव जमनाबाई. मी विचारलं, "आजी, का पीत नाही हे पाणी?"

"तठं कोन ऱ्हात नाय," ती म्हणाली.

"म्हणजे भूत वगैरे आहे का?"

ती माझ्याकडं बघतच राहिली. अडाणी कोण, असं ते बघणं होतं. "भूत नाय, बाई. बेडूक नाय. मागल्या साली लय व्हते. त्यांच्या आवाजानं झोप नाय लागायची. आम्ही निघालो त्या दिशी समदे वर येऊन बसले व्हते, कट्ट्यावर, विहिरीकडं पाठ करून. औंदा आलो तं एक बी नाय. जठं बेडूक नाय ऱ्हात, तठलं पानी आम्ही नाय पेत."

नाना हसले. "ऐकलं का? आता बेडकाचं सर्टिफिकेट आणा."

मलाही हसायला हवं होतं, त्यासाठीच तर आले होते. तेवढ्यात मागं कोणीतरी ओकल्याचा आवाज आला. एक पोरगी, विशीबाविशीची, वेलीच्या खांबाला धरून वाकली होती. पोट चांगलंच पुढं आलेलं.

"माझी सून. सुमन," जमनाबाई म्हणाली. "सातवा हाय. हीच एकली पेते विहिरीचं."

"पोटुशीला उलट्या व्हत्यातच की," नाना म्हणाले.

"सातव्यात?" मी विचारलं.

हातातल्या पेल्यातला एक घोट मी तोंडात घेतला, फिरवला आणि थुंकला. जुनं नाणं चोखल्यासारखी चव जिभेवर रेंगाळली. कधी चूळ भरते असं झालं.

मग मी विहिरीच्या पायऱ्या उतरले. आत उन्हातही गारवा होता. भिंतीवर पाण्याची पातळी जिथंजिथं टेकून खाली गेली होती, तिथंतिथं निळसर हिरव्या रेघा उठल्या होत्या. शेवाळ असेल म्हणून नखानं खरवडलं. खडूसारखी भुकटी निघाली. आणि शेवटच्या पायरीपाशी मला ती दोरी दिसली. नायलॉनची दोरी, एका खुंटीला बांधलेली, ताणून थेट पाण्यात गेलेली. खाली काहीतरी लोंबत होतं. पाणी इतकं स्वच्छ, पण दोरीचं टोक दगडाच्या सावलीत गेलं होतं.

सांगायला लाज कशाची, मी घाबरले. वीसेक वर्षं पाण्यात काढलेली बाई, पण त्या दोरीला हात लावायला धजेना. वरून सगळी माणसं वाकून बघत होती. शेवटी डोळे मिटून ओढली.

वर आली ती कापडाची पिशवी. डोक्याएवढी, जड, निथळणारी. गाठ सोडली तर आत निळे खडे.

"नाना, हे काय आहे?"

"ते व्हय? मोरचूद हाय," नाना सहज म्हणाले. "ठिबकच्या नळ्या शेवाळानं तुंबत व्हत्या. मागल्या उन्हाळ्यात दुकानदारानं सांगितलं, पिशवीत बांधून सोडून द्या. विरघळली की नवी. तवापासून नळी तुंबली नाय. पाणी बघा की कसं झालंय!"

मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार. द्राक्षवाल्यांच्या घरात असतोच, वेलीवरच्या बुरशीसाठी फवारतात. तो शेवाळाला मारतो. शेवाळावर किडे जगतात, किड्यांवर बेडूक. पहिली कडी तुटली की पुढची माळ आपोआप ओघळते. जंतूही मरतात, म्हणून माझी बाटली काळी पडली नव्हती. आमच्या नेहमीच्या तपासणीत तांबं बघतच नाहीत. ते वेगळं सांगून मागवावं लागतं, आणि निर्मळ पाण्याला कोण मागवतं?

मी हे सांगितल्यावर नाना दुखावले. "मॅडम, माझी आई तांब्याच्या हंड्यातलंच पाणी द्यायची आम्हाला. तब्येतीला चांगलं म्हणून. मी तं अख्ख्या विहिरीला तांबं दिलं."

"नाना, हंड्यातून कणभर उतरतं. तुम्ही वर्षभर पिशव्या ओतताय. तुमच्या घरी हेच पाणी पितात का?"

"घरी फिल्टर हाय," ते म्हणाले आणि मान खाली घातली. वाईट माणूस नव्हता. त्याला खरंच काही कळलं नव्हतं.

सुमन कट्ट्यावर येऊन बसली होती. मी म्हटलं, "अगं, सासू नको म्हणत होती ना? मग का प्यालीस? निदान उकळायचं तरी."

"उकळूनच पीत होते मॅडम."

उकळून जंतू मरतात. तांबं उडून जात नाही, पाणी आटलं की उलट दाट होतं. पण हे तिला कुणी शिकवलं असणार?

मग ती हळूच म्हणाली, "आश्रमशाळेत दहावीपर्यंत शिकलेय मी. आईंना वाचता नाय येत. मी त्यांना म्हटलं, ओहोळाचं पाणी घाण हाय, पोटात बाळ हाय माझ्या. ते बघा, तिथं कार्डावर लिवलंय, पिण्यास योग्य. खाली सही पण हाय."

'मॅडमची सही' असं ती म्हणाली नाही. सही कोणाची, हे तिला ठाऊकच नव्हतं. मी सांगितलं. सांगितल्याशिवाय तिथून निघता आलं नसतं. ती माझ्यावर चिडली नाही, आणि ते फार जड गेलं.

मी आले होते त्याच गाडीतून तिला दिंडोरीच्या दवाखान्यात नेलं. विहिरीचं सॅम्पल तांब्यासाठी पाठवलं. रिपोर्टमध्ये तांबं मर्यादेच्या कितीतरी वर निघालं. ओहोळातलं पाणीही तपासलं. त्या खड्ड्यात खेकडे होते, बेडकांची पिल्लं होती, आणि माझी बाटली दुसऱ्या दिवशी काळी ठिक्कर पडली. म्हणजे पिण्यालायक तेही नव्हतं. पण ते उकळून चालणारं होतं. नानांनी टोळीसाठी टँकर लावला, विहीर उपसून घेतली, तळाचा गाळ मातीत मिसळू नये म्हणून सिमेंटच्या टाकीत भरला. पाणी बंद केल्यावर चार दिवसांत सुमनच्या उलट्या थांबल्या. डॉक्टर म्हणाले, कशानं होत होत्या ते खात्रीनं सांगता येणार नाही. पुढं तिला मुलगी झाली. वजनानं कमी, पण धडधाकट.

साहेबांना मी म्हटलं, फॉर्ममध्ये एक रकाना वाढवू या, विहिरीत जिवंत काय दिसलं. साहेब म्हणाले, "बेडूक लिहायला हे काय प्राणिसंग्रहालय आहे? तांबं लिहा." मी तांबं लिहिलं. पण निवृत्त होईपर्यंत प्रत्येक फॉर्मच्या समासात पेन्सिलीनं बेडूकही लिहीत गेले, आणि विहीर पाहिल्याशिवाय सही केली नाही.

पावसाळा सरता सरता मी पुन्हा नानांच्या विहिरीवर गेले. पाणी हिरवट, वर पानं, कपारीत एक पारवा. काठाशी पाऊल टाकताच काहीतरी डुबुक करून आत गेलं. कार्ड अजून तिथंच लटकत होतं, पावसानं धुऊन फिकटलेलं. अक्षरं पुसट झाली होती, सही मात्र नीट वाचता येत होती. मी ते काढून पर्समध्ये टाकलं.

ज्या बाईला ते वाचता येत नव्हतं, तिच्यावर त्याचा काही परिणाम झाला नव्हता. जिनं वाचलं, ती पाणी प्याली.