दोनदा ओढणारा तांडेल

कुठल्याही वस्तूवर भरवसा टाकायच्या आधी तांडेल ती दोनदा ओढून बघायचा. हॉटेलातलं बाकडं असो, कुणाच्या ओटीवरच्या झोपाळ्याची कडी असो, नाहीतर नुसता छत्रीचा दांडा. पहिल्यांदा हळू, दुसऱ्यांदा हिसका देऊन. मग म्हणायचा, "बसलाय." आणि त्यानंतरच टेकायचा. महाडच्या बाजारात एकदा त्याने चहावाल्याच्या टेबलाचा पाय असाच ओढला, तो उपटून हातात आला. चहावाला ओरडायला लागला. तांडेलाने तो पाय त्याच्या हातात दिला नि म्हणाला, "माझ्या हातात आला म्हणून बरं. गिऱ्हाइकाच्या मांडीवर कढत चा सांडला असता."

अशी माणसं तुम्हीही बघितली असतील. आपल्याला त्यांचा राग येतो आणि मागाहून त्यांचंच खरं होतं. तांडेल मला बापाच्या वयाचा. तोंडावर मी त्याला अहोजाहो करायचो. इथे "तो" लिहितोय, कारण मनात तो तसाच आहे. कुणाला खटकलं तर खटकू दे.

मी गाडीचा सुतार. पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमची वाडी. शाळा दोन इयत्ता. तिसरीत मास्तरांचं नि माझं पटलं नाही. पुढे महाडात रस्त्याला लागून छप्पर घातलं आणि बैलगाडीची चाकं करू लागलो. माझ्या चाकाची गाडी वरंधचा घाट चढून भोरला जाऊन आली तरी आरा हलत नसे. हे मी नाही, गाडीवान सांगायचे. मी नुसतं ऐकून घ्यायचो.

त्या काळी मुंबईची आगबोट बाणकोटला लागायची. तिथून माणसं लाँचीत बसून सावित्रीतून वर दासगावला यायची. त्या लाँचीचा हा तांडेल, सुकाणू धरणारा. एक दिवस तो माझ्या छपरात शिरला. रामराम नाही, श्यामराम नाही, थेट नव्या चाकाचा आरा धरून ओढू लागला.

"चाक हाय ते, तांडेल," मी म्हटलं. "म्हशीचं दावं नाय."

"बसलाय," तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून, "लाँचीला पिछाडीचा खुंटा बसवशील?"

लाँचीच्या मागच्या टोकाला दोर बांधायचा खुंटा असतो, बैलाच्या शिंगांसारखा दोन्हीकडे पसरलेला. जुना खुंटा कुजून उपटून आला होता. पुढचा दोर बांधलेला, मागचा सुटलेला. लाँच ओहोटीला आडवी फिरली नि धक्क्यावर आपटली. लाँचीच्या मालकाने, शेठने, तांडेलाला सरळ सांगितलं होतं, "आणखी एकदा अशी फिरली तर शिमग्याला मुंबईचा माणूस आणतो. तुमचं वय झालं." शिमग्याला चाकरमानी येणार, लाँच भरभरून चालणार, आणि तांडेल काठावर बसून बघणार. ते त्याला सोसणारं नव्हतं. खाडीकडचे होड्यांचे सुतार शिमग्यापर्यंत रिकामे नव्हते, म्हणून तो डोंगरातल्या सुताराकडे आला होता.

"होडीचं काम कधी केलंस?"

"लाकूड ते लाकूड," मी म्हटलं. तेव्हा माझी छाती आत्तापेक्षा रुंद होती.

खैराचा असा खुंटा घडवला की बघत राहावं. दासगावला नेऊन पिछाडीच्या फळीवर ठेवला आणि वरून वीतभर लांबीचे चार खिळे ठोकले. गाडीच्या साटीच्या फळ्यांना ठोकतो तसे. तांडेलाने दोनदा ओढला. खुंटा हलला नाही. तरी तो "बसलाय" म्हणेना.

"खालून बघितलंस?"

"खालून काय बघायचंय? खिळे वरून मारलेत."

"बरं," तो म्हणाला. "बस. चा पी. भरती पुरी झालीय."

त्याने खुंट्याचा दोर धक्क्यावरच्या दगडी कडीला अगदी आखूड बांधला आणि माझ्या शेजारी लाँचीतच बसला. मांडीवर कोयता. मला वाटलं, नारळ फोडणार असेल. आम्ही चहा प्यालो, विड्या ओढल्या. मी त्याला माझ्या चाकांचे पराक्रम सांगत होतो, तो हूं हूं करत होता. थोड्या वेळाने आपण पुढे घसरतोय असं मला वाटू लागलं.

आम्हा डोंगरातल्या माणसांना नदी माहीत असते ती एकाच दिशेने वाहणारी. पाणी दर दिवशी पायाखालून निघून जातं आणि परत येतं, हे मी ऐकून होतो. पण खुंटा घडवताना ते माझ्या हातांना कुणी सांगितलं नव्हतं. गाडीला ओढ बसते ती समोरून. इथे पाणी खाली चाललं, लाँच खाली चालली आणि दोर खुंट्याला वर ओढू लागला. वरून मारलेला खिळा वर ओढला तर काय करणार?

खुंटा आधी कुरकुरला. मग मांजराच्या पिल्लागत बारीक ओरडला. मी उठून त्याला दोन्ही हातांनी धरायला गेलो, तांडेलाने मला सदऱ्याला धरून मागे ओढलं. तेवढ्यात खुंटा चारही खिळ्यांसकट, फळीची एक लांब ढलपी घेऊन माझ्या कानाजवळून वर उडाला. टोपी पाण्यात गेली. लाँच धपकन खाली बसली.

तांडेल हसला नाही. हसला असता तर मी तिथून महाडपर्यंत चालत गेलो असतो. तो नुसता म्हणाला, "आता खालून बघूया."

नेमका तेव्हाच शेठ छत्री उघडून धक्क्यावर आला. फळीला पडलेली चीर त्याने वरूनच बघितली.

"हे कुणी केलं?"

मी तोंड उघडणार, तर तांडेल पुढे झाला. "मी उपटला, शेठ. ओढून बघितला."

"चांगल्या लाँचीची फळी फाडून तुम्ही ओढून बघता?"

"शिमग्याला माणसांनिशी फाटली असती. आज रिकामी हाय."

शेठने छत्री मिटली. "चार दिवसांनी येतो. माझ्यासमोर भरती-ओहोटी होऊ दे. खुंटा राहिला तर लाँच तुमच्याच हातात. नाही राहिला तर मी मुंबईला कळवलंच म्हणून समजा."

शेठ गेल्यावर मी म्हटलं, "माझं नाव का नाय सांगितलंत?"

"तुझं नाव सांगून खुंटा बसणार हाय का रे?"

त्या चार दिवसांत मी जेवढा शिकलो तेवढा शाळेत शिकलो नव्हतो. फळी बदलली. पिछाडीच्या खाली एक कोंदट जागा होती, तिथे मी उताणा शिरलो. नाकावर डिझेलचे थेंब, पाठीखाली खारं पाणी. तांडेल वरून गिरमिटाने भोक पाडायचा नि ओरडायचा, "दिसलं टोक?" मी म्हणायचो, "दिसलं." आरपार बोल्ट घालायचे, खालून त्यांची चाकी, म्हणजे नट, आवळायची. पण नुसती चाकी फळीत रुतते, म्हणून फळीच्या खाली आडवी जाड लाकडी पाटी लागते, म्हणजे ओढ सगळीकडे वाटली जाते. ही त्याची अक्कल.

माझी अक्कल त्यापुढची. गाडीच्या चाकाला बाहेरून लोखंडी धाव असते. जुनी झिजलेली धाव माझ्या छपरात पडून होती. ती लोहाराकडून सरळ करून घेतली, भोकं पाडली आणि खालच्या पाटीवर पट्टी म्हणून बसवली. तांडेलाने पट्टीवरून बोट फिरवलं.

"घाट चढलेलं लोखंड हाय," मी म्हटलं.

"मग पाण्याला भिणार नाय," तो म्हणाला. इतकं कौतुक त्याच्या तोंडून निघणं म्हणजे काय, ते ओळखणाऱ्यांना कळेल.

बोल्टाच्या भोवती राळेत भिजवलेला कापूस दाबला, पाणी झिरपू नये म्हणून. मग मला खाली निजवून त्याने वरून तांब्याभर पाणी ओतलं.

"थेंब आला?"

"नाय."

आणखी दोन तांबे ओतले. "आता?"

"नाय म्हटलं ना."

तिसऱ्या वेळी त्याने बाजूच्या फटीतून माझ्या तोंडावरच तांब्या रिकामा केला. "आला?"

"आला," मी खालून म्हटलं.

"मग खरं बोलतोस," तो म्हणाला.

चौथ्या दिवशी शेठ आला. तांडेलाने दोर तसाच आखूड बांधला, वेळ पडली तर तो तोडायला कोयता हातात घेतला. मला म्हणाला, "तू काठावर थांब." मी ऐकलं नाही. खुंट्याजवळ जाऊन बसलो, नवी टोपी घालून. मला पोहता येत नाही, आजही येत नाही.

पाणी उतरू लागलं. दोर ताठ झाला, त्यातून पाणी निथळलं. पुढचं टोक खाली, पिछाडी अधांतरी. खुंटा कुरकुरला. तांडेलाचं लक्ष खुंट्याकडे नव्हतं, माझ्या तोंडाकडे होतं. पिछाडी वीतभर उचलली गेली, मागचा पंखा पाण्याबाहेर दिसू लागला. खुंटा गप्प झाला. ते गप्प होणं मला ओळखीचं होतं. भरल्या गाडीचं चाकसुद्धा पहिल्या चढणीला बोलतं, एकदा बसलं की गप्प होतं.

"पुरे, पुरे," शेठच काठावरून म्हणाला. "लाँच मोडाल माझी."

तांडेलाने दोर सैल सोडला. मग खुंटा दोनदा ओढला आणि शेठकडे न बघता मला म्हणाला, "बसलाय." आणि हळूच, "सुतार, असा आखूड दोर कधी बांधायचा नसतो. पाण्याला जायला जागा ठेवायची. खुंटा मजबूत पाहिजे तो फक्त आपण विसरू त्या दिवसासाठी."

त्या शिमग्याला चाकरमानी ट्रंका, गाठोडी, ढोल घेऊन उतरले ते तांडेलाच्याच लाँचीतून. पुढे कितीतरी वर्षं मी दासगावला दिसलो की तो सुकाणूवरून ओरडायचा, "सुतार, बसलाय रे!" उतारूंना वाटायचं, कुणीतरी आजारी माणूस उठून बसलाय.

मग रस्ता सुधारला, एसट्या वाढल्या, आगबोटीची माणसं घटली. शेठने लाँच मोडीत काढली. तांडेल बाणकोटकडे आपल्या घरी गेला. तिथे तो वारल्याचं मला बऱ्याच दिवसांनी कळलं, तेही त्या बाजूच्या एका नारळवाल्याकडून. कसा गेला ते त्याला धड सांगता आलं नाही.

पण लाँच मोडली त्या उन्हाळ्यात तो एकदा आमच्या वाडीवर आला होता. जन्मात डोंगर चढला नव्हता. धापा टाकत पडवीत आला, बाकडं दोनदा ओढलं, मग टेकला. काखेतल्या गोणत्यातून त्याने खुंटा काढला. अजून फळीच्या तुकड्यासकट, खाली माझी धाव तशीच. दोन्ही शिंगांवर दोराचे चर पडलेले.

"तुझा खुंटा निघंना," तो म्हणाला. "फळीच कापावी लागली."

तो खुंटा आम्ही दोघांनी गोठ्याच्या दाराला बसवला, आरपार बोल्ट घालून. तो पलीकडे जाऊन पाठीमागून बघून आला. आजही माझी म्हैस त्यालाच बांधलेली असते.

निघताना त्याने माझा हात धरला. हळू ओढला, मग हिसका दिला. मी त्याच्या तोंडाकडे बघत थांबलो. त्याने हात सोडला, रिकामं गोणतं खांद्यावर टाकलं नि उतरायला लागला. खालच्या वळणाला करवंदीच्या जाळीआड दिसेनासा झाला, तेव्हा मी वळलो. आणि खालून हाक आली.

"बसलाय रे!"