कुसुमताईंची शतावरी

ही गोष्ट ह्यांनासुद्धा माहीत नाही. ह्यांना तशा पुष्कळ गोष्टी माहीत नसतात, पण त्या मी सांगायच्या विसरलेल्या असतात. ही मी लपवलेली आहे — जपून, वर्षानुवर्षं, डब्याच्या तळाशी. आज तुम्हाला सांगते आहे. का, ते विचारू नका. तोंड उघडलंय तर ऐकून घ्या.

गोष्ट एका वेलीची आहे. हसाल तुम्ही. हसा. एका वेलीपायी माणूस इतका खाली उतरतो, हे दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मीही हसले असते.

लातूर नुकतंच वेगळा जिल्हा झालं होतं. हे नांदेडहून नव्या कार्यालयात कारकून म्हणून बदलून आले, पाठोपाठ मी शाळेवर. दोन खोल्यांचं क्वार्टर, मागे दोन खाटा मावतील एवढं अंगण, आणि अंगणात तारेचं कुंपण. कुंपणापलीकडे कुसुमताई. त्यांचे मालक साहेबांच्या जीपवर ड्रायव्हर. मराठ्यांचं घर, शेती निलंग्याकडे, बऱ्यापैकी. आम्ही बिलोलीकडचे, बौद्ध, शेतीचा तुकडा नाही. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे ते आडवं येणार आहे.

कुसुमताईंनी जमिनीत काडी खोचली तरी तिला पानं फुटायची. माझ्याकडे गुलाब वाळला, मोगरा वाळला, गवती चहासुद्धा वाळला — जो मारायला माणसाला मुद्दाम कष्ट घ्यावे लागतात! शाळेत मात्र मी फळ्यावर रंगीत खडूंनी वनस्पतीचे भाग काढून शिकवायची.

पहिल्याच वर्षी आई माझ्याकडे दोन महिने राहायला आली. जन्मभर तिनं लोकांच्या रानात मजुरी केलेली. तहान लागली की ओंजळ धरायची आणि वरून कुणीतरी पाणी ओतायचं, अशा रानांत. इथे कुसुमताई तिला पहिल्या दिवसापासून आई म्हणायला लागल्या. दोघी कुंपणाला टेकून भाजी निवडायच्या. एका दुपारी कुसुमताईंनी बोलता बोलता आईच्या ताटातली अर्धी भाकर उचलली आणि खाल्ली. आईनं मला ते संध्याकाळपर्यंत तीनदा सांगितलं.

"माझ्या ताटातली खाल्ली गं तिनं, शोभे. इचारलं बी न्हाई."

मला आनंद व्हायला हवा होता, नाही का? मला काय वाटलं ते सांगते. मी रोज शाळेतून येऊन गरम भाकरी थापून तिला वाढत होते, त्याचं तिनं एकदाही नाव काढलं नव्हतं. नावडतीचं मीठ अळणी. माझ्या पोटात दुखायला लागलं ते त्या दिवसापासून.

पुढच्या पावसाळ्यात आई पुन्हा आली. येताना इस्लापूरला मावशीकडे जाऊन, जंगलातून शतावरीचा गड्डा घेऊन आली — ओल्या गोणपाटात गुंडाळलेला, खाली बोटांसारख्या पांढऱ्या मुळ्या लोंबणारा. मला वाटलं, माझ्यासाठी. कुणालाही वाटलं असतं. मी खुरपं शोधायला आत गेले. बाहेर येते तो गड्डा कुंपणापलीकडे गेलेला, आणि कुसुमताई दोन्ही हातांनी माती उकरत होत्या.

"तुझ्याकडं काय टिकतंय?" आई मला म्हणाली. "तिच्याकडं जगंल. तिसऱ्या साली मुळ्या काढायच्या. तिच्या लेकीला बाळंतपणात दुधासाठी कामी येतील. तुझी पोरं तर मोठी झाली." मग पलीकडे वळून म्हणाली, "कुसुम, काही अडलं तर शोभाला इचार. ल्हानपणी माझ्यासंगं लई हिंडलीय जंगलात, तिला समदं ठावं हाय."

शहाणपणाचं बोलली ती. पण मी तिथे हातात खुरपं घेऊन उभी होते हो. चाळिशीला आलेली बाई, दोन लेकरांची आई — आणि मला रडू येत होतं.

वेल सुतळीवरून चढत चढत त्यांच्या खिडकीपर्यंत गेली. सुईसारखी बारीक, मऊ पानं. येणारेजाणारे विचारायचे, कुठून आणली? कुसुमताई सांगायच्या, "आईनं दिली." आईनं! कुणाच्या आईनं?

मग तो दुष्काळ आला. नव्या जिल्ह्याच्या पाट्या चकचकीत आणि नळ कोरडे. टँकर आठव्या दिवशी यायचा. घराघरापुढे ड्रम मांडलेले, आणि ड्रमवरून भांडणं. कुसुमताई तांदूळ धुतलेलं पाणी तेवढं त्या वेलीला घालायच्या. चैत्रात तेही पुरेना. वेल पिवळी पडली, पानं झडली, नुसत्या काटेरी काड्या उरल्या.

एके सकाळी त्या कुंपणाशी आल्या. "बाई, ही गेली का हो? आई तुम्हालाच इचार म्हणल्यात."

मला माहीत होतं. हे नीट ऐका — मला पक्कं माहीत होतं. लहानपणी इस्लापूरच्या जंगलात अशाच एका वाळलेल्या काडीला मी लाथ मारली होती, तेव्हा आईनं पाठीत धपाटा घातला होता. "झोपलीय ती. झोपलेल्याला मेलं म्हणू न्हाई." उन्हाळ्यात शतावरी वरून मरते आणि खाली मुळ्यांत पाणी धरून बसते. तिला नुसतं राहू द्यायचं असतं. एवढंच सांगायचं होतं मला, राहू द्या.

"गेली," मी म्हणाले. "उगी पाणी वाया घालवू नका."

"माझंच काहीतरी चुकलं," कुसुमताई म्हणाल्या आणि आत गेल्या. आठवड्याभरात त्यांच्या मालकांनी काड्या जमिनीलगत छाटल्या आणि त्याच जागी ड्रमसाठी विटा-सिमेंटचा ओटा बांधला, कुंपणाला अगदी चिकटून. वाळू चाळायला चाळणी मी दिली.

एवढंच असतं तर मी हे कशाला सांगत बसले असते? शेजारणीशी एक खोटं कोण बोलत नाही?

श्रावणात आई आली. पिशवी खाली ठेवायच्या आधी कुंपणाशी गेली. ओटा बघितला. "शतावरी कुठाय गं?"

कुसुमताईंनी माझ्याकडे बघितलं. फक्त एकदा. मग म्हणाल्या, "माझ्या हातनं गेली, आई."

बाईंनी सांगितलं, असं त्या सहज म्हणू शकल्या असत्या. का नाही म्हणाल्या? मायलेकीत वितुष्ट नको म्हणून? मला आजही कळलेलं नाही. आई पिशवी घेऊन घरात आली. संध्याकाळी लसूण सोलता सोलता म्हणाली —

"ती अशी मरत न्हाई. काढून टाकली तिनं. आपल्या हातची होती ना."

इथे मी थांबते जरा.

एक वाक्य पुरेसं होतं. आई, मीच तिला मेली म्हणून सांगितलं. शाळेत दिवसभर बडबडणाऱ्या बाईला हे एक वाक्य जड नव्हतं. मी बोलले नाही. भीती वाटली असं म्हणता आलं असतं, पण तसं नव्हतं. मला बरं वाटलं. त्यानंतर आई कुंपणाकडे पाठ करून माझ्या स्वयंपाकघरात बसायला लागली, मला जंगलातल्या गोष्टी सांगायला लागली. कुसुमताईंनी हाक मारली की "काम हाय" म्हणायची. पूर्ण दोन महिने आई माझी एकटीची होती. माझ्या आयुष्यातले ते फार सुखाचे दिवस आहेत.

पुढच्या आषाढात ओट्याखालून, कुंपणाच्या माझ्या बाजूला, तीन कोंब वर आले. कोवळे, मान वाकवलेले. मी बघताक्षणी ओळखले. कुसुमताईंना हाक मारायची, एवढंच काम होतं. मी नखानं कोंब खुडले, कांदा-लसूण घालून भाजी केली आणि एकटीनं खाल्ली. कुंपणानं शेत खाल्लं म्हणतात ते असं. चव कशी होती म्हणाल तर खोटं कशाला बोलू — चांगली होती. त्यानंतर दर पावसाळ्यात कोंब यायचे, आणि दर पावसाळ्यात मी ते खुडायची.

कुसुमताईंनी नवीन काही लावणं सोडलं. लेकीच्या बाळंतपणाला बाजारातून शतावरीच्या भुकटीचा डबा आणला. काही वर्षांनी त्यांच्या मालकांची बदली हिमायतनगरला झाली. सामान ट्रकमध्ये चढत असताना त्यांनी उरलेल्या दोन कुंड्या कुंपणावरून माझ्याकडे दिल्या — एक कढीपत्ता, एक कोरफड.

"तुमच्या हाताला कुठंतरी आईचा गुण असंलच, बाई. माझ्या हाताला काही राहिलं न्हाई." मग आवाज खाली आणून विचारलं, "आईचा राग गेला का हो?"

"कधीच गेला," मी म्हणाले. कुंड्या घेतल्या.

गेला नव्हता. आई वारली त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. शेवटपर्यंत ती माझ्या पोरींना सांगायची, "त्यांचं आपण खावं, पर आपलं काही त्यांच्या हाती देऊ न्हाई. ठेवत न्हाईत ते." पोरी विचारायच्या, कशावरून गं आजी? मग ती शतावरीची गोष्ट सांगायची. सगळी सांगायची, ओट्यासकट. मी तिथेच असायची.

गेल्या आठवड्यात थोरली माहेरी आली होती. तिच्या मुलीला शाळेतल्या मैत्रिणीला आपली गोष्टींची पुस्तकं द्यायची होती, मैत्रीण देशमुखांची. थोरली म्हणाली, "देऊ नकोस, ठेवणार नाहीत ते. माझ्या आजीनं एकदा एक वेल दिली होती..." आणि तिनं पोरीला मांडीवर घेऊन ती गोष्ट सांगितली.

मी बाजूला बसून लसूण सोलत होते. गोष्ट संपेपर्यंत सोलत राहिले.