भाडेकरू, हवा, उजेड भरपूर

वर्तमानपत्राच्या कचेरीत छोट्या जाहिरातींच्या खिडकीशी बसणाऱ्या बाईंना त्यांच्या भाच्या लाडाने ‘टिंबमावशी’ म्हणायच्या. भाच्यांच्या वह्यांतच काय, सामानाच्या यादीतसुद्धा त्या स्वल्पविराम देत. कचेरीत मात्र एकवीस वर्षं हात बांधलेले. गिऱ्हाइकाचा मजकूर जसाच्या तसा छापायचा, असा साहेबांचा नियम होता.

एका सोमवारी घड्याळं दुरुस्त करणारे एक आजोबा तणतणत आले. त्यांच्या वरच्या मजल्याची जाहिरात तीनदा छापून आली, पण चिटपाखरूही फिरकलं नव्हतं. घराला नजर लागलीय, असं त्यांचं ठाम मत होतं.

बाईंनी जुना अंक काढला. ‘शांत घरात दोन खोल्या भाडेकरू हवा उजेड भरपूर’.

त्यांनी आजोबांना ते वाचायला सांगितलं. आजोबा ‘भाडेकरू हवा’पाशी बरोबर थांबले. मग बाईंनी लोक वाचतात तसं वाचलं: भाडेकरू, हवा, उजेड, सगळंच भरपूर.

आजोबांचा चेहरा पडला. “म्हणजे माझ्याकडे भाडेकरूंची रीघ लागलीय, असं वाटलं लोकांना?”

“तीही दोन खोल्यांत,” बाई म्हणाल्या.

चिन्हांचे वेगळे पैसे पडतात, या समजुतीने आजोबांनीच ती गाळली होती. बाई अंक घेऊन तडक साहेबांकडे गेल्या आणि दोन्ही तऱ्हांनी वाचून दाखवलं. साहेब चष्मा काढून पोट धरून हसले. “शब्द त्यांचेच ठेवा. टिंबं तुमची,” ते म्हणाले.

‘शांत घरात दोन खोल्या. भाडेकरू हवा. उजेड भरपूर.’ पहिलं टिंब बाईंनी जरा ठसठशीतच दिलं.

बुधवारी जाहिरात आली आणि दुपारच्या आत खोल्या एका नर्सने आणि तिच्या आईने घेतल्या. तरी माणसं येतच राहिली. गुरुवारी आजोबा नवी चिठ्ठी घेऊन हजर: ‘खोल्या. गेल्या. कृपया. येऊ. नका.’ बाईंनी त्यातली दोन टिंबं ठेवली.

तेव्हापासून खिडकीशी येणाऱ्या प्रत्येकाला आपला मजकूर मोठ्याने वाचावा लागतो. रांग रेंगाळते, पण कुणी कुरकुरत नाही. पुढच्याची जाहिरात छापण्याआधीच ऐकायला मिळते. मागच्या महिन्यात तर एक घर रांगेतच विकलं गेलं.